भरलेल्या जागेची जाहिरात

नाव इर्मा निस्कानेन, वय ६७ वर्षे, धंदा मासे धुरावून विकणे, राहणार ओटर हार्बर, बंदराचा रस्ता, दुकानावरचा मजला. मी शेरिफच्या कचेरीत आपल्या पायांनी येऊन, विचारल्यावरून तोंडी सांगते ते असे. डेप्युटी कोडी बेलँजर टाइप करत आहे. मी जसे बोलते तसेच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस, असे त्याला आधीच बजावले आहे.

वरील पत्त्यावर माझ्या सासऱ्यांनी काढलेले धुरीघर आहे. सरोवरातले व्हाइटफिश आणि ट्राउट मिठाच्या पाण्यात ठेवून, वाळवून, मॅपलच्या धुरावर भाजून आम्ही विकतो. माझा नवरा रेनो आता नाही. माझे गुडघे गेलेले आहेत. मी गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांवर ओरडते.

धुरीघर गुंटिस वीटोल्स पाहतो. तो लाटव्हियाचा, तिकडेही समुद्रकाठी हेच काम करत होता. त्याची बायको इल्झे हिला तिच्या कंपनीने इकडच्या कारखान्यात बदलीवर आणले आणि तिच्या कागदांवर यालाही काम करायची परवानगी मिळाली. तिची मुदत पुढल्या वर्षी संपते. ती संपली की याचीही संपते. त्यांची मुलगी इथल्या शाळेत जाते आणि आता आईबापांशी इंग्रजीत भांडते. गुंटिस गेला तर मला धुरीघर बंद करावे लागेल. म्हणून त्याला कायमचा ठेवून घ्यायचे मी ठरवले. मला वाटले, मी मालकीण, मला माणूस हवा, माणसाला काम हवे, झाले. तसे नसते.

वकीलबाई शॅरन ओडेल यांनी मला हे तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा मला समजल्यासारखे वाटले. परदेशी माणूस कायमचा ठेवायचा तर आधी कामगार खात्याचा दाखला लागतो. या कामाला या भागात किती पगार रास्त, ते सरकार सांगते. तेवढा द्यायचे कबूल करायचे. मग त्या जागेची जाहिरात द्यायची, रविवारच्या पेपरात दोनदा, शिवाय राज्याच्या नोकरी कचेरीत, शिवाय दुकानातल्या भिंतीवर. जे कोणी येतील त्यांना प्रामाणिकपणे भेटायचे. त्यांतला एक जरी अमेरिकन माणूस लायक आणि राजी निघाला तर कागद तिथेच थांबले. कोणीच निघाला नाही तर दाखला मिळतो, मग पुढचे अर्ज.

इथे डेप्युटीने टाइप करायचे थांबवून विचारले, “म्हणजे गुंटिस कामावर असताना गुंटिसच्याच कामाची जाहिरात?”

मी म्हटले, “हो.”

“मग जागा रिकामी नाही.”

“नाही.”

“मग जाहिरात खोटी.”

“खोटी नाही रे बाबा! खोटी दिली तर गुन्हा होतो. अगदी खरी द्यायची.”

“मग जागा रिकामी आहे?”

मी म्हटले, “कोडी, तू लिही. मलाही कळलेलं नाही. पण मी वकीलबाईंना पैसे दिलेत, तेव्हा त्यांना तरी कळलं असणार.”

भिंतीवरचा कागद मी मासे बांधायच्या खोलीत लावला. त्यात काम, पगार, आणि या अर्जाबद्दल कोणाला काही सांगायचे असल्यास कुठे कळवावे, ते सगळे होते. गुंटिस हातात चहाचा पेला घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, नोकरी बरी दिसते. पगारही बरा आहे. मी अर्ज करू का?” आम्ही दोघे पोट धरून हसलो. इल्झे त्याला न्यायला आली होती, तिनेही तो कागद वाचला. ती हसली नाही. तिने मला विचारले, “आणि कोणी आलंच तर?” मी म्हटले, “या गावात? मासे साफ करायला? अगं, पोरांना घरच्या माशाचा वास चालत नाही.” असे मी म्हटले होते हे लिहावे.

जाहिरातीचा मजकूर मीच लिहिला होता. त्यावरूनच पुढचे सगळे झाले म्हणून ते सांगते. वकीलबाई म्हणाल्या, कामाचे वर्णन करा, माणसाचे नको. गुंटिसच्या मापाची जाहिरात शिवली असे खात्याला वाटता कामा नये. शिवाय तो माझ्याकडे जे शिकला ते मोजायचे नाही, येण्याआधी त्याला जे येत होते तेवढेच मागायचे. त्याला डोळ्यांपुढून काढून टाका आणि मग लिहा, असे त्या म्हणाल्या. मी टेबलाशी बसले, गुंटिसला डोळ्यांपुढून काढला आणि लिहिले. धुरीघरात किमान दोन वर्षे काम केलेले असावे. लाकूड ओले की सुके ते धुराच्या वासावरून कळावे. मासा धुरात घालण्याजोगा वाळला की नाही ते बोट लावून सांगता यावे. भट्टीपाशी एकटे राहायची सवय असावी. “मालकिणीला उलट बोलू नये” असेही लिहिले होते, ते वकीलबाईंनी काढले.

पहिल्या रविवारनंतर दोन माणसे आली. एकाने विचारले, हे काम घरून करता येईल का. दुसऱ्याने धुरीघराचे दार उघडले, आत डोके घातले, बाहेर काढले आणि गाडीकडे चालू लागला. मला बरे वाटले. माझ्याच गावची माणसे कुचकामाची निघावीत म्हणून मी मनात प्रार्थना करत होते. चर्चमध्ये ज्यांच्या शेजारी बसते त्यांचीच पोरे ही. आपण काय करतो आहोत, असे वाटायचे. तरी बरे वाटायचे.

दुसऱ्या रविवारनंतर मंगळवारी सकाळी क्रिस्टा आली. क्रिस्टा निस्कानेन, वय ३९, माझी मुलगी. शाळेत असताना दर उन्हाळ्यात आणि नंतर चार वर्षे तिने बापाच्या हाताखाली भट्टी सांभाळली. मग एके दिवशी आपल्या केसांतून सुद्धा माशाचा वास येतो म्हणाली आणि शहरात विमा कंपनीत गेली. त्यावरून तिची आणि माझी बोलाचाली झाली. त्यानंतर आम्ही फक्त नाताळला फोन करतो. हवामानाबद्दल बोलतो.

तिची गाडी दुकानासमोर थांबली. मागच्या सीटवर कपडे होते, उशा होत्या, एक उभा दिवा आडवा ठेवलेला होता. त्याबद्दल मी काही विचारले नाही.

ती म्हणाली, “जाहिरात वाचली.”

मी म्हटले, “कुठे?”

“फोनवर. आपला पेपर मी दर रविवारी वाचते.” हे मला माहीत नव्हते.

मी म्हटले, “कॉफी घेतेस?”

ती म्हणाली, “आधी मुलाखत घे. सगळं रीतसर होऊ दे, उगाच नंतर म्हणशील मुलगी म्हणून ठेवली.”

तेव्हा मी तिला रीतसर प्रश्न विचारले, कारण येईल त्याला विचारायचे असा नियम आहे. अनुभव किती. तिने सांगितला. पहाटे उठशील का. म्हणाली, हल्ली झोपतेच कुठे. मग ती आपली आपण मागे गेली. धुरीघराचे दार किलकिले करून तिने वास घेतला आणि गुंटिसला म्हणाली, “डावीकडचा ढीग ओला आहे. कडू होईल.” गुंटिसने मान हलवली. तो सकाळपासून तेच म्हणत होता आणि मीच त्याला तो ढीग आधी संपवायला लावले होते. लाकूडवाल्याने मला फसवले, तो विषय वेगळा.

गुंटिसने मला बाजूला घेतले. तो म्हणाला, “बाई, ही कोण?”

मी म्हटले, “माझी मुलगी.”

तो म्हणाला, “हिला काम येतं.”

मी म्हटले, “येतं.”

त्याने हात धुतले. ते धुतलेलेच होते. तिचे बापाकडचे काम नियमाप्रमाणे मोजायचे आणि याचे माझ्याकडचे सहा वर्षांचे मोजायचे नाही, हे मला तेव्हाच आठवले.

मी क्रिस्टाला म्हटले, “ही नोकरी तुझ्यासाठी नाही.”

ती म्हणाली, “मग कोणासाठी?”

मी म्हटले, “गुंटिससाठी.”

“तो तर आहेच की कामाला.”

“म्हणूनच.”

ती म्हणाली, “आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? नोकरीवर असलेल्या माणसाच्या नोकरीची जाहिरात कोण देतं?”

मी तिला सगळे समजावले. मला जेवढे समजले होते तेवढेच समजावले, त्यामुळे तिला काहीच समजले नाही. शेवटी मी म्हटले, “अगं, ते कायद्यासाठी द्यावं लागतं. कोणी येऊ नये म्हणून देतात.”

तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “मला वाटलं, तू मला बोलावलंस.”

याचा खुलासा करते. आमच्या माणसांत मनातले तोंडावर बोलायची पद्धत नाही. माझ्या सासऱ्यांचे आणि त्यांच्या भावाचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. सासऱ्यांनी पेपरात जाहिरात दिली, होडी विकणे आहे, तिचा स्वभाव ओळखणाऱ्यानेच यावे. होडी विकायची नव्हती. रविवारी जाहिरात आली, सोमवारी भाऊ आला. दोघांनी होडीला रंग दिला आणि मरेपर्यंत त्यावर एक शब्द काढला नाही. ही गोष्ट क्रिस्टाने लहानपणापासून ऐकलेली. तेव्हा भट्टी वासावरून ओळखणारे माणूस हवे, असे निस्कानेनांनी छापले तर क्रिस्टाने काय समजायचे? मला ते समजायला हवे होते. मला सुचले सुद्धा नाही.

मी तिला म्हटले, “मी बोलवायचं असतं तर फोन केला असता.”

ती म्हणाली, “तू? तू फोन केला असतास? तू बाबा गेले तेव्हा सुद्धा शेजारच्या बाईंना करायला लावलास!”

त्यावर मी जे बोलले ते लिहू नये.

मग क्रिस्टाने खुंटीवरचा एप्रन घेतला, बांधला, टेबलावरचा सुरा उचलला आणि मासे साफ करायला लागली. मी म्हटले, ठेव ते. ती म्हणाली, जाहिरात आहे, मी अर्जदार आहे, मुलाखत झाली, आता मी काम करून दाखवते आहे. मी म्हटले, नीघ इथून. ती म्हणाली, कारण सांग. नालायक आहे म्हण, मी निघते. मी तसे म्हणू शकले नाही. तो मासा तिने इतका सफाईने उघडला होता की तसे म्हणायला जीभ वळेना. गुंटिस मध्ये पडून म्हणाला, “बाई, शांत व्हा, मी बाहेर जातो.” मी त्याला म्हटले, “तू कुठे जातोस? तूच तर जायचा नाहीस!” आणि मी फोन उचलून पोलिसांना लावला. दुकानात एक बाई शिरली आहे आणि निघत नाही, एवढे सांगितले. माझीच मुलगी आहे हे सांगितले नाही. हातात सुरा आहे का असे फोन घेणाऱ्या पोरीने विचारले, मी हो म्हटले, कारण होता.

डेप्युटी बेलँजर आला. त्याने क्रिस्टाला सुरा खाली ठेवायला सांगितले. ती म्हणाली, “कोडी, अर्धा मासा राहिलाय.” दोघे एका शाळेतले. तिने मासा पुरा केला, मग सुरा ठेवला. यात दांडगाई वगैरे काही झाली नाही.

त्यानंतर आम्ही सगळे इथे आलो. क्रिस्टा डेप्युटीच्या गाडीतून आली. मी गुंटिसच्या गाडीतून. वाटेत गुंटिसने गाडीतली गरम हवा माझ्या गुडघ्यांकडे वळवली.

डेप्युटीने मला विचारले की तक्रार चालवायची आहे का. ती आगंतुक म्हणून शिरली असेल तर तक्रार होते. बोलावल्यावरून आली असेल तर होत नाही. तेव्हा बोलावले होते की नाही ते सांगा.

मी वकीलबाईंना इथूनच फोन लावला. त्या आधी म्हणाल्या, एक शब्द बोलू नका. मग म्हणाल्या, ती लायक आहे? मी म्हटले, आहे. राजी आहे? आहे. मी विचारले, दोघांनाही ठेवले तर? माझ्याकडे एप्रन दोन आहेत. त्या म्हणाल्या, निस्कानेनबाई, एप्रनांचा प्रश्न नाही. लायक माणूस दारात उभा असताना, इथे माणूस मिळत नाही असे सरकारला लिहून देता येत नाही. दुसरी जागा काढायची तर पुन्हा पगार ठरवण्यापासून सुरुवात, आणि तोवर इल्झेची मुदत संपलेली असेल. मी विचारले, मुलगी आहे म्हणून नाकारता येईल? त्या म्हणाल्या, नाही. तिने स्वतः अर्ज मागे घेतला तर मात्र गोष्ट वेगळी. पण तिला तसे करायला सांगू नका हं, ते चालत नाही.

मी सांगितले नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या क्रिस्टाला डेप्युटीने विचारले, तुझे काय म्हणणे, तेव्हा ती म्हणाली, “आईने इथे लिहून द्यावं की ती जाहिरात माझ्यासाठी नव्हती. एवढंच. मग मी अर्ज मागे घेते, आजच निघते, त्या बिचाऱ्याचं काम होऊ दे.” हे डेप्युटीने आत येऊन मला सांगितले. तो म्हणाला, “निस्कानेनबाई, एका वाक्यात सुटताय की. सांगा आणि घरी जा.”

गुंटिसला मायलेकींच्या मध्ये यायचे नव्हते. तो दारात येऊन म्हणाला, “बाई, भट्टीत मासा आहे, आग विझायला नको. मी होतो पुढे. तुम्हाला घरी कोण सोडेल?” डेप्युटी म्हणाला, मी सोडतो. गुंटिसने मला काही करा म्हटले नाही. क्रिस्टाला मात्र जाताना म्हणाला, “तो ढीग मी उजवीकडे हलवतो.” ती म्हणाली, “झाकून ठेव, रात्री दव पडतं.” तो बरं म्हणाला आणि गेला.

मग मी सांगितले की जाहिरात माझ्या मुलीसाठी नव्हती. डेप्युटीने ते टाइप केले. ते वाक्य खरे आहे, असे मला सांगताना वाटत होते. मी कायद्यासाठी जाहिरात दिली, गुंटिसने राहावे म्हणून दिली, क्रिस्टाचे नाव माझ्या तोंडी सुद्धा आले नव्हते. त्याने मला ते वाचून दाखवले. बरोबर आहे का, असे विचारले.

मला बरोबर म्हणता आले नाही.

त्याने पुन्हा वाचले. मी म्हटले, खोड ते. तो म्हणाला, अहो, आता काय झाले? मी म्हटले, मला माहीत नाही काय झाले, पण खोड. गुंटिसला डोळ्यांपुढून काढा आणि मग लिहा, असे मला सांगितले होते. मी काढला आणि लिहिले. मग माझ्या डोळ्यांपुढे कोण होते? आयुष्यात मी आणि रेनोने एकाच माणसाला भट्टीचा वास शिकवला. वाळल्या माशाला बोट लावायला पहिल्यांदा शिकवले तेव्हा ती टेबलाला पोहोचत नव्हती, खोक्यावर उभी करावी लागायची. मी लिहीत होते तेव्हा मला कळले नाही, आता कळले. ती एवढी मूर्ख नाही. तिने बरोबर वाचले.

तेव्हा आता लिहावे की जाहिरात खरी होती. क्रिस्टा निस्कानेन ही बोलावल्यावरून आली. ती कामाला लायक आहे, असे मी मालकीण या नात्याने सांगते. माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

डेप्युटीने विचारले, याने गुंटिसचे काय होणार, समजते आहे ना? मला समजते. या प्रकरणात मला समजलेली ती एकच गोष्ट. तो माणूस या वेळी माझ्या भट्टीत माझे लाकूड घालतो आहे आणि त्याला अजून माहीत नाही. त्याला दुसऱ्या कोणी सांगू नये, कोडी, तूही नाही. मी घरी जाऊन सांगणार. कसे सांगणार ते मला विचारू नये. इल्झेला काय सांगणार तेही विचारू नये. त्यांच्या पोरीच्या वर्गाला पुढल्या आठवड्यात धुरीघर दाखवायला आणणार होते.

क्रिस्टा अजून बाहेर बसली आहे. तिला आत बोलवू का, असे डेप्युटी विचारतो आहे. जरा थांब म्हटले.

चष्मा दुकानात राहिल्यामुळे वरील सगळे मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. दार उघडे होते, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जात होते. मी सांगितले तसेच लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. बरोबर आहे म्हणजे मी असे सांगितले, एवढेच. झाले ते बरोबर झाले, असे मी कुठेही म्हटलेले नाही, तेही सहीच्या आधी लिहावे.